मोल्सवर्थ : एका आडनावाचा माग

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दर काही वर्षांनी निर्लेखनाचा एक सोपस्कार पार पडतो. फाटलेली, वाळवी लागलेली, कित्येक वर्षांत कोणी हात न लावलेली पुस्तके एका लांब टेबलावर मांडली जातात, त्यांची यादी होते आणि त्या त्या विषयाच्या शिक्षकांनी त्या यादीवर सह्या करायच्या असतात. या खेपेस मराठीची यादी आमच्या दोघांकडे आली. टेबलावर पहिलेच पुस्तक होते ते मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाचे, पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ मध्ये काढलेले पुनर्मुद्रण. पाठीचा कणा मोडलेला, 'प'पासूनची पाने सुटून आलेली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते : 'ऑनलाइन उपलब्ध'. शेरा खोटा नव्हता. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा कोश आहे आणि आम्हीही आताशा तोच वापरतो, हे कबूल करायला हवे.

पुस्तक चाळत असताना आमची एम.ए.च्या वर्गातली एक विद्यार्थिनी शेजारी येऊन उभी राहिली. कणा निखळल्यामुळे त्यावरचे नाव अर्धेच दिसत होते. ती म्हणाली, "सर, मोल म्हणजे किंमत आणि वर्थ म्हणजेही किंमत. मग या साहेबांच्या आडनावाचा अर्थ मोलाचे मोल असा होतो का?" आम्ही दोघेही हसलो. हसणे संपल्यावर ध्यानात आले की आपल्याकडे याचे उत्तर नाही. वीस वर्षे हे नाव आम्ही वर्गात उच्चारत आलो. 'मोल्सवर्थ काढा', 'मोल्सवर्थमध्ये पाहा', 'मोल्सवर्थ काय म्हणतो ते सांगा' ही वाक्ये आमच्या तोंडी इतकी बसली आहेत, की त्या नावामागे एक माणूस आहे आणि माणसामागे एक गाव आहे, हा विचार मनाला शिवला नव्हता. व्युत्पत्ती शिकवणाऱ्यांना ही गोष्ट फारशी भूषणावह नाही. त्यानंतरचे काही आठवडे आम्ही या आडनावाचा माग काढण्यात घालवले.

प्रथम त्या मुलीच्या व्युत्पत्तीविषयी. तिला लोकव्युत्पत्ती म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण चूक कोठे होते हे पाहिल्याशिवाय तसे करणे योग्य नव्हे. आपले 'मोल' संस्कृत 'मूल्य'वरून आले. इंग्रजीतला किंमत या अर्थाचा 'वर्थ' जुन्या इंग्रजीतल्या 'वेओर्थ' या शब्दाचा वंशज. मोल्सवर्थमधला 'वर्थ' मात्र निराळ्या कुळातला आहे. जुन्या इंग्रजीत 'वोर्थ' असा एक वेगळा शब्द होता आणि त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा, आवार, आवारातले घर. काळाच्या ओघात दोन्ही शब्दांचे उच्चार एकमेकांजवळ आले. पुढे कुंपणवाला शब्द रोजच्या भाषेतून नाहीसा झाला आणि फक्त गावांच्या नावांत उरला. टॅमवर्थ म्हणजे टेम नदीकाठचे आवार. ब्राँटी भगिनींचे यॉर्कशरमधले हॉवर्थ म्हणजे काटेरी झुडपांच्या कुंपणाचे आवार. बटरवर्थ म्हणजे जेथे लोणी काढले जाई असे आवार. लंडनच्या वाँड्झवर्थमध्ये वेंडल नावाचा कोणी पुरुष दडलेला आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या मालिकेतले एक नाव ताबडतोब आठवेल, ते वर्ड्सवर्थचे. शब्दांचे मोल! कवीला याहून चपखल आडनाव कोठे मिळावे? खुद्द कवीलाही हा मोह आवरला नव्हता. १७८७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याची पहिली कविता छापून आली तेव्हा त्याने खाली 'अ‍ॅक्सिओलोगस' अशी ग्रीक वळणाची सही केली. आपल्याच आडनावाचे 'मोल' आणि 'शब्द' असे दोन तुकडे करून त्याने ते ग्रीकमध्ये नेले होते. पण भाषाशास्त्राला कवीचा मुलाहिजा नसतो. वर्ड्सवर्थ हे वॅड्सवर्थ या आडनावाचेच एक रूप आहे. यॉर्कशरमध्ये हॅलिफॅक्सजवळ त्या नावाचे ठिकाण आहे आणि त्यात शब्दही नाहीत, मोलही नाही. वॅडी किंवा तत्सम नावाच्या एका शेतकऱ्याचे कुंपण तेवढे आहे. आमच्या विद्यार्थिनीची चूक वर्ड्सवर्थच्या पंगतीतली ठरली, हे आम्ही तिला सांगितले तेव्हा ती फार खूष झाली.

मग मोल्सवर्थमधला 'मोल्स' कोण? मोल्सवर्थ हे मूळचे एका खेड्याचे नाव. ते पूर्वी हंटिंग्डनशर परगण्यात होते, १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये गणले जाते. विजयी नॉर्मन राजाने १०८६ मध्ये देशभरातल्या जमिनीची जी मोजदाद करवून घेतली, तिच्या दफ्तरात, म्हणजे डूम्सडे बुकात, ते 'मोलेस्वर्डे' अशा रूपात नोंदलेले आहे. मधला 'एस' हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या 'चा-ची-चे'सारखा. त्याच्या आधी उरते 'मूल' हे पुरुषाचे नाव. तेव्हा मोल्सवर्थ म्हणजे मूलचे आवार. 'आवार' या शब्दाने आमचे समाधान होत नव्हते. मग आमच्यापैकी एकाला सावंतवाडी आठवली. संस्कृतातला 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्याच मुळापासून आपली वाडी आली आणि वाडाही आला. तेव्हा मोल्सवर्थचे सरळ मराठी रूप 'मूलवाडी' असे करायला हरकत नसावी.

हा मूल आपले मूल नव्हे, म्हणजे लेकरू नव्हे आणि मूळही नव्हे. जुन्या इंग्रजीत 'मूल' म्हणजे खेचर. लॅटिन 'मूलुस'वरून तो शब्द तिकडे गेला. माणसाला खेचर कोण म्हणेल, असे क्षणभर वाटले आणि लगेच आपल्याच परंपरेतले विसोबा खेचर समोर उभे राहिले. नामदेवांच्या या गुरूंच्या नावाचा अर्थ लावताना आम्ही वर्गात नेहमी दोन्ही बाजू सांगतो. 'खे' म्हणजे आकाशात संचार करणारा तो खेचर, हा योगमार्गातला अर्थ. आणि घोडा व गाढव यांच्या संकरातून झालेले जनावर, हा बाजारातला अर्थ. इंग्लंडातल्या मूलला आकाशाची वाट मोकळी नव्हती. त्याच्या वाट्याला संकराचाच अर्थ आला.

त्या नावाचा एक राजपुत्र इतिहासाला ठाऊक आहे. वेसेक्सचा राजा कॅडवाला याचा तो भाऊ. कॅडवाला हे नाव ब्रिटन लोकांच्या, म्हणजे वेल्शच्या पूर्वज भाषेतले आहे. त्यामुळे या भावांची आई ब्रिटन आणि बाप सॅक्सन असावा, म्हणूनच धाकट्याला 'खेचर' म्हटले गेले असावे, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. दोघा भावांनी ६८६ मध्ये केंट उद्ध्वस्त केले आणि मूल तेथे राज्य करू लागला. पुढच्याच वर्षी केंटच्या लोकांनी त्याला बारा साथीदारांसह जाळून मारले. ६९४ मध्ये वेसेक्सचा नवा राजा इनी याने त्याबद्दल केंटकडून भरपाई वसूल केली आणि अँग्लो-सॅक्सन बखरीत तिचा आकडा तीस हजार असा येतो. मारलेल्या माणसाच्या दर्जानुसार त्याच्या जिवाची किंमत ठरवण्याची पद्धत त्या समाजात होती. म्हणजे एका मूलचे मोल तरी आकड्यात नोंदलेले आहे. मोल्सवर्थच्या मूलचा या राजपुत्राशी संबंध जोडण्याचे कारण नाही. तो कोणी साधा, एका कुंपणाचा धनी असेल. त्याच्याविषयी उरलेली माहिती एवढीच की त्याला लोक खेचर म्हणत आणि त्याची एक वाडी होती.

आता गावाचे नाव माणसाला कसे चिकटते हे पाहू. इंग्लंडात वंशपरंपरेने चालणारी आडनावे रूढ झाली ती नॉर्मन विजयानंतर, १०६६ पासून पुढच्या तीन-चार शतकांत. प्रथम सरदार घराण्यांत, मग शहरांत, मग खेड्यापाड्यांत. जॉन, विल्यम, रॉबर्ट अशा मोजक्याच नावांवर सगळा देश भागवू लागल्यावर एका विल्यमला दुसऱ्यापासून वेगळे कसे ओळखायचे, ही अडचण आली. तशात करवसुली करणाऱ्यांना नोंदी हव्या होत्या. १३७७, १३७९ आणि १३८१ या वर्षांच्या डोईपट्टीच्या याद्या हे आडनावांच्या अभ्यासकांचे मोठे भांडार आहे. आडनावे घेतली गेली ती चार वाटांनी : बापाच्या नावावरून, धंद्यावरून, टोपणनावावरून आणि गावावरून.

यातली चौथी वाट आम्हांला सर्वांत विचार करण्याजोगी वाटली, आणि तिचे कारण मराठी आहे. मोल्सवर्थ गावात राहणाऱ्या विल्यमला गावकरी 'मोल्सवर्थचा विल्यम' असे म्हणणे संभवत नाही, कारण तेथले सगळेच मोल्सवर्थचे. तो गाव सोडून हंटिंग्डनला किंवा लंडनला गेला म्हणजे तेथले लोक त्याला तसे म्हणू लागतात. आपल्याकडे 'कर' प्रत्ययाचेही असेच आहे. साताऱ्यातच सातारकर म्हणवून घेण्यात अर्थ नाही. सातारकर पुण्यात किंवा इंदुरात सातारकर होतो. अपवाद असतोच. गावाचा जमीनदार गावात राहूनही गावाचे नाव लावतो, कारण गाव त्याच्या मालकीचे असते. मोल्सवर्थ घराण्याच्या वंशावळी पहिल्या एडवर्ड राजाच्या काळातल्या, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरच्या, वॉल्टर डी मोल्सवर्थपासून सुरू होतात. त्या 'डी'मध्ये मालकीचा वास आहे. पुढे 'डी' गळून पडला आणि गावाचे नाव तेच माणसाचे नाव झाले. मराठीने 'कर' टाकला नाही, इंग्रजीने 'डी' टाकला, एवढाच फरक. बाकी बहुतेक ग्रामनामांची आडनावे म्हणजे कोणी तरी केव्हा तरी गाव सोडल्याची नोंद होय.

हे लिहिताना आमच्यापैकी एकाला थोडे थांबावे लागले. त्याच्या आडनावातले गाव १९६०च्या दशकात कोयनेच्या जलाशयाखाली गेले. आजोबांनी ते पाहिलेले, वडिलांनी लहानपणी पाहिलेले, त्याने स्वतः केवळ ऐकलेले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की देवळाचा चौथरा दिसतो असे घरात सांगत. जनगणनेच्या यादीत ते गाव नाही, एस.टी.च्या पाटीवर नाही, टपालाच्या पत्त्यात नाही. ते उरले आहे हजेरीपटावर, पगारपत्रकावर आणि त्याच्या मुलीच्या शाळेच्या ओळखपत्रावर. आडनावांकडे आम्ही आजवर बव्हंशी जातीची खूण म्हणून संशयानेच पाहत आलो आहोत आणि तो संशय काही निराधार नाही. पण हंटिंग्डनशरच्या एका खेड्याच्या निमित्ताने आपल्या आडनावातले पाण्याखालचे गाव त्याच्यासमोर पहिल्यांदा नीट आले, हे नोंदवायला हवे.

मोल्सवर्थ मंडळींचे स्थलांतर मात्र विस्थापितांचे नव्हते. त्यांची एक शाखा पहिल्या एलिझाबेथच्या काळात कॉर्नवॉलला गेली आणि बॉडमिनजवळ पेनकॅरो येथे तिने मोठी गढी आणि बाग वसवली. त्या शाखेतला हेंडर मोल्सवर्थ जमैकात जाऊन रॉयल आफ्रिकन कंपनीचा प्रतिनिधी झाला. ही कंपनी गुलामांचा व्यापार करी. पुढे तो त्या बेटाचा प्रभारी गव्हर्नर झाला आणि १६८९ मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. एका खेचराच्या कुंपणाचे नाव असे माणसांच्या किमती ठरवणाऱ्या बाजारात जाऊन आले. दुसरी शाखा आयर्लंडला गेली. तिच्यातला रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा वकील होता. तेथील अनियंत्रित राजसत्तेवर त्याने १६९४ मध्ये एक टीकात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो युरोपभर वाचला गेला. १७१६ मध्ये तो व्हायकाउंट झाला. डब्लिनमध्ये त्या घराण्याच्या जमिनीवरून आज मोल्सवर्थ स्ट्रीट जातो आणि लीन्स्टर हाउसच्या समोर जाऊन थांबतो. १९२२ पासून आयर्लंडची संसद त्या वास्तूत भरते. तिला लागूनच आयर्लंडचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे.

पेनकॅरोचा आठवा बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) हा या घराण्यातला आम्हांला सर्वांत आवडलेला गृहस्थ. मोठ्या जमीनदारीचा वारस असून जहालांच्या पक्षात गेलेला. त्याने हॉब्जच्या समग्र ग्रंथांचे इंग्रजी अकरा आणि लॅटिन पाच असे सोळा खंड संपादून छापले. कैद्यांना ऑस्ट्रेलियाला हद्दपार करण्याच्या प्रथेची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचा तो १८३७–३८ मध्ये अध्यक्ष होता आणि त्या समितीने प्रथेचा धिक्कार केला. १८५५ मध्ये वसाहतींचा मंत्री झाला आणि त्याच वर्षी वारला. त्याच्या बागेतली एक गोष्ट शब्दवेड्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. चिलीमधून आणलेले, टोकदार पानांनी अंगभर मढलेले एक विचित्र झाड पेनकॅरोला लावले होते. ते पाहून एक पाहुणा म्हणाला, यावर चढताना माकडही बुचकळ्यात पडेल. त्या बोलण्यावरून त्या झाडाला इंग्रजीत 'माकडाचे कोडे' अशा अर्थाचे नाव पडले, असे सांगतात. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरातल्या मोल्सवर्थ स्ट्रीटचे नाव याच सर विल्यमचे. त्या रस्त्यावर न्यूझीलंडची संसद आहे आणि जवळच त्या देशाचे राष्ट्रीय ग्रंथालयही आहे. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन संसदा, दोन राष्ट्रीय ग्रंथालये आणि दोन्हींच्या दाराशी तेच आडनाव. यामागे काही संगती शोधू नये. साम्राज्य पसरले की रस्त्यांना नावे लागतात आणि नावे ज्यांच्या हाती नकाशा असतो त्यांची लागतात. न्यूझीलंडमध्येच सुमारे १,८०,००० हेक्टरांचे मोल्सवर्थ नावाचे एक पशुपालन केंद्र आहे. मूलने घातलेले कुंपण केवढे होते कोण जाणे. त्याच्या नावाखाली आता त्या देशातली सर्वांत मोठी जनावरांची शेती चालते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि टास्मानिया या दोन राज्यांत मोल्सवर्थ नावाची गावे आहेत. गावावरून माणूस आणि माणसावरून पुन्हा गाव, असे हे नाव फिरून आले.

साहित्यात ते दोनदा गेले. मुलांसाठी लिहिणाऱ्या मेरी लुइझा स्ट्यूअर्ट (१८३९–१९२१) या बाईंना हे आडनाव विवाहाने मिळाले. 'द कुकू क्लॉक' ही त्यांची गाजलेली कादंबरी १८७७ मध्ये प्रथम एका पुरुषी वळणाच्या टोपणनावाने निघाली. पुढे त्या 'मिसेस मोल्सवर्थ' या नावाने लिहू लागल्या. १८७९ मध्ये त्या पतीपासून कायदेशीर विभक्त झाल्या, तरी पुस्तकांवर नाव राहिले ते त्याच आडनावाचे. वाचकांना ते ओळखीचे झाले होते. मराठीतही लग्नानंतरचे आणि मोडलेल्या लग्नानंतरचे नाव हा लेखिकांच्या बाबतीत केवढा गुंता असतो, हे सूचीकारांना विचारावे.

दुसरा मोल्सवर्थ कल्पित आहे. जेफ्री विलन्स याने लिहिलेल्या आणि रोनाल्ड सर्ल याने चित्रे काढलेल्या 'डाउन विथ स्कूल!' (१९५३) या पुस्तकाचा आणि पुढच्या तीन पुस्तकांचा नायक नायजेल मोल्सवर्थ. सेंट कस्टर्ड्स नावाच्या भीषण शाळेतला हा मुलगा आपली हकीकत स्वतःच सांगतो आणि त्याचे शुद्धलेखन अगाध आहे. पुस्तकाच्या नावातला 'स्कूल' हा शब्दसुद्धा त्याने आपल्या पद्धतीने लिहिला आहे. इंग्रजी वाचकाच्या मनात मोल्सवर्थ म्हणताच शब्दांची सर्वांत अधिक मोडतोड करणारा मुलगा उभा राहतो आणि मराठी वाचकाच्या मनात शब्दाच्या शुद्ध रूपाचा अखेरचा निवाडा देणारा ग्रंथ. आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकांवरून जी दाद मिळाली, तशी दाद आम्हांला शुद्धलेखनाच्या तासाला कधी मिळाली नव्हती.

मूळ गावाचे काय झाले? दुसऱ्या महायुद्धात तेथे विमानतळ झाला आणि अमेरिकी बॉम्बफेकी विमाने तेथून उडू लागली. १९८०च्या दशकात त्याच जागी अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्याचे ठरले. त्याविरुद्ध शांततावादी लोक तेथे तंबू ठोकून राहिले. फेब्रुवारी १९८५ मध्ये एका रात्रीत हजारावर सैनिक आणि पोलीस आले, लोकांना हुसकावले गेले आणि त्या माळाभोवती मैलोगणती काटेरी तारांचे कुंपण उभे राहिले. १९८७च्या डिसेंबरात अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि क्षेपणास्त्रे परत गेली. गावाच्या नावाचा अर्थ कुंपण आहे, हे त्या रात्री तेथे कोणाला आठवले असेल का?

आता आपला मोल्सवर्थ. जेम्स टॉमस मोल्सवर्थचा जन्म १७९५चा. १८१२च्या सुमारास तो कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात आला. मराठी शिकला आणि कोशाच्या कामाला लागला. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती निघाली. पुढे प्रकृतीमुळे तो मायदेशी गेला. अर्धवट राहिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडीने १८४७ मध्ये पुरा केला. मोल्सवर्थ पुन्हा आला आणि १८५७ मध्ये, उत्तरेत बंडाचा वणवा पेटला त्याच वर्षी, मुंबईत त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती बाहेर पडली. सुमारे ६०,००० शब्दांची. घाटावरचे आणि कोकणातले, शेतकऱ्यांचे आणि भटाभिक्षुकांचे, सभ्य आणि शिवराळ, असे शब्द त्यात शेजारी शेजारी बसलेले आहेत. कित्येक शब्द आज केवळ तेथेच भेटतात. हे काम थोर आहे याविषयी आमच्या मनात किंतु नाही. कोश वापरणाऱ्या पिढ्यांनी त्या आडनावाचे लेखन मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेस्वर्थ असे जमेल तसे केले आणि ते मराठीत सामान्यनाम झाले.

पण १८५७च्या मुखपृष्ठावर संकलक म्हणून मोल्सवर्थचे आणि साहाय्यक म्हणून जॉर्ज व टॉमस कँडी यांची नावे आहेत. ज्यांच्या जिभेवर ते शब्द होते त्यांची नाहीत. त्याच उपक्रमात, मोल्सवर्थच्या आधी दोन वर्षे, १८२९ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचा कोश' मुंबईत निघाला होता. मराठीचा अर्थ मराठीतच देणारा. त्याला पंडितांचा किंवा शास्त्र्यांचा कोश म्हणतात. ते शास्त्री असे : जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले. मोल्सवर्थ आणि कँडी यांना शब्द गोळा करून देणारी, अर्थ समजावून देणारी मंडळी याच वर्तुळातली. आम्ही मराठी घेऊन एम.ए. झालो, या कोशावर प्रश्न लिहून गुण मिळवले आणि आता शिकवतो. तरी या सहांची नावे ओळीने म्हणायला सांगितली असती तर आम्ही दोघेही तिसऱ्याच्या पुढे गेलो नसतो. परशुरामपंत 'नवनीत'मुळे आठवले असते, जोशी आणि फडके ही आडनावे सर्वत्र असल्यामुळे अंदाजाने सांगितली असती.

आडनावांच्या नादात या सहा आडनावांकडेही नव्याने पाहणे झाले. जोशी ज्योतिषाच्या धंद्यावरून. क्रमवंत वेदाच्या क्रमपाठाच्या अधिकारावरून, म्हणजे तेही विद्येचे, पर्यायाने धंद्याचेच. गोडबोले हे टोपणनाव असल्याचे उघड आहे. इंग्लंडच्या चार वाटांपैकी दोन येथे भेटल्या. चौथी, गावाची, एकही नाही. सहांत एकही 'कर' नाही. दक्षिणा मिळेल तेथे जाणाऱ्या, विद्येच्या ओळखीवर जगणाऱ्या माणसांना गावाच्या नावाची गरज कमी पडली असेल का, असा एक विचार मनात आला. सहा नावांवरून सिद्धांत करू नये एवढे शहाणपण नोकरीने शिकवले आहे, म्हणून तो तेथेच सोडला.

ज्या खेचराचे पुढचेमागचे काहीही उरले नाही, त्याचे नाव डब्लिन, वेलिंग्टन, टास्मानियापर्यंत आणि मराठीच्या प्रत्येक अभ्यासकाच्या जिभेपर्यंत पोचले. ज्यांची नावे, आडनावे, ग्रंथ, सगळे छापील उपलब्ध आहे, ते सहा जण त्यांच्याच भाषेच्या विद्यार्थ्यांना सांगता येत नाहीत. यात मोल्सवर्थचा दोष किती, राज्यकर्त्यांच्या छापखान्याचा किती आणि आम्हां शिक्षकांचा किती, याची वाटणी करू गेल्यास आमचा वाटा लहान निघणार नाही. 'मोल्सवर्थ काढा' असे म्हणणे सोयीचे होते. 'क्रमवंत-घगवे-फडके-जोशी-शुक्ल-गोडबोले काढा' असे कोण म्हणणार?

आमच्या विद्यार्थिनीला हे सगळे टप्प्याटप्प्याने सांगितले. तिचे आडनाव धंद्यावरचे आहे आणि तो धंदा तिच्या घरात दोन पिढ्यांपूर्वीच सुटला. ती म्हणाली, गाव सुटल्यावर आडनाव लागते हे समजले, पण धंदा सुटल्यावर ते सुटत का नाही? यावर आम्ही काही बोललो, ते तिला पटले असे दिसले नाही. तिने लघुशोधनिबंधासाठी आता १८२९चा कोश घेतला आहे.

निर्लेखनाच्या यादीवर सही करणे भाग होते, ती आम्ही केली. ग्रंथपालांनी रीतसर दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे तांबडी रेघ ओढली, किमतीच्या रकान्यात शून्य लिहिले आणि पुस्तक आमच्या हवाली केले. ते आता विभागाच्या कपाटात आहे, 'प'पासूनची पाने सुतळीने बांधलेली. आतल्या कोऱ्या पानावर त्या मुलीने पेन्सिलीने सहा नावे लिहून ठेवली आहेत. घगवे हे नाव तिने आधी चुकीचे लिहिले होते, ते खोडून पुन्हा लिहिले आहे.